म्हशी हटवल्या आणि पाणी हरवलं: भरतपूरची गोष्ट

आजची गोष्ट पक्ष्यांची, पण त्यात म्हशींचा मोठा रोल आहे.

राजस्थानातलं भरतपूर. इथलं केवलादेव जेमतेम 29 चौरस किलोमीटरचं, आणि तेही बरंचसं माणसाने घडवलेलं. अठराव्या शतकात अजान बांध झाला, पुढे संस्थानाने पाणी वळवून शिकारीसाठी तळी केली. 12 नोव्हेंबर 1938 ला व्हाइसरॉय लिनलिथगोच्या शिकारीत एका दिवसात 4,273 पक्षी मारले गेले!

आता, लांब पायांचे पक्षी जागा कशी निवडतात? पहिली अट खोलीची. पाणी पायांपेक्षा खोल असेल तर चालता येत नाही. दुसरी अट मोकळ्या पाण्याची. चमचा पक्षी चोच डावीकडे-उजवीकडे फिरवत चालतो. चित्रबलाक अर्धी उघडी चोच पाण्यात धरतो आणि मासा लागला की मिटतो. दोघांचाही भर स्पर्शावर. मध्ये दाट गवत आलं की खेळ खल्लास. तिसरं म्हणजे, पाणी आटताना मासे डबक्यांत कोंडले जातात आणि मग तिथे पक्ष्यांची झुंबड उडते.

आजूबाजूच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या याच उथळ पाण्यात चरायच्या. 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून चराई बंद झाली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. हेतू एकच, पक्षी वाचवायचे.

आणि झालं काय? पास्पालम नावाचं गवत म्हशी खायच्या. खाणारं कुणी उरलं नाही, तसं ते पाण्यावर पसरत गेलं आणि मोकळं पाणी कमी झालं. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1980 ते 1990 अशी दहा वर्षं इथे अभ्यास केला. निष्कर्ष असा की चराईबंदीने पाणथळीचं नुकसान झालं, थोडी चराई हवी. गंमत बघा, या बंदीच्या बाजूने आधी हीच संस्था होती. पण आकडे उलटे आले, तेव्हा तिने ते लपवले नाहीत. मला हे फार आवडतं.

आम्ही इंजिनिअर लोक जुना कोड दिसला की 'हा कशाला?' म्हणून उडवतो, आणि मग सिस्टीम बसते. भरतपूरला तेच झालं. फरक एवढाच, की इथे अनडू नव्हतं. गेलेली माणसं परत येणार नव्हती.

म्हणून एखादी जागा 'वाचवायला' निघालो, तर आधी तिथे रोज वावरणाऱ्यांना विचारूया. भेटू पुढच्या भागात!