लष्करी बळ आणि लोकशाहीची रुजवण : गोवामुक्तीच्या अनुभवाचा विचार

प्रस्तावना

बाह्य लष्करी बळाने एखाद्या प्रदेशात लोकशाही आणता येते काय, हा प्रश्न २००३ च्या इराक युद्धानंतर जगभर चर्चिला गेला. सिंधुदुर्गातील अभ्यासकास त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. बेळगावहून आंबोली घाट उतरून सावंतवाडीस येणारा रस्ता पुढे बांद्यामार्गे गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीस पोहोचतो. या सीमेपलीकडे डिसेंबर १९६१ मध्ये लष्करी कारवाईने हुकूमशाही अंमल संपला आणि दोन वर्षांत लोकनियुक्त विधानसभा अस्तित्वात आली. हे केवळ बळाचे फलित होते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्वपीठिका

पोर्तुगालमधील १९१० च्या प्रजासत्ताकाने गोमंतकीय हिंदूंना नागरी समानता दिली होती. सालाझारच्या राजवटीत १९३० च्या वसाहतविषयक कायद्याने हे मोकळे वातावरण संपुष्टात आणले. त्याच वर्षी लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी गोव्याच्या विधिमंडळात स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगाव येथे सभाबंदी मोडली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवी व अन्यत्र निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. म्हणजेच नागरी स्वातंत्र्याची मागणी सैन्याच्या आगमनापूर्वी तीन दशके गोव्यातच उभी राहिली होती. मात्र सत्याग्रहाने राजवट हटली नाही, हेही मान्य केले पाहिजे.

कारवाई आणि मतपेटी

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्य गोव्यात शिरले. १९ डिसेंबरला गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. भारताचा घोषित हेतू वसाहतवादाची समाप्ती हा होता. लोकशाहीचा प्रसार नव्हे. मेजर जनरल कँडेथ यांचा लष्करी अंमल जून १९६२ मध्ये संपला. ९ डिसेंबर १९६३ च्या निवडणुकीत गोव्यातील २८ जागांपैकी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षास १४ व युनायटेड गोअन्स पक्षास १२ जागा मिळाल्या. ज्या काँग्रेसच्या सरकारने सैन्य धाडले, त्या पक्षास गोव्यात एकही जागा मिळाली नाही. तरीही दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. मुक्तिदात्यास नाकारण्याचा अधिकार लोकांना मिळाला आणि तो पाळला गेला, हे या घटनेचे खरे महत्त्व होय.

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ व महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. सत्तारूढ पक्षाचा मुख्य कार्यक्रमच फेटाळला गेला. पण त्यानंतरच्या निवडणुकीत बांदोडकरच पुन्हा सत्तेवर आले. अर्थात, १९६१ मध्ये भारतात सामील होण्याविषयी कोणताही कौल घेतला गेला नव्हता आणि १९६७ मध्ये स्वतंत्र राज्याचा पर्याय मतपत्रिकेवर नव्हता. घटक राज्याचा दर्जा ३० मे १९८७ रोजी मिळाला.

पोर्तुगालचा प्रत्यय

गोव्यातील पराभवाने लिस्बनमधील हुकूमशाही कोसळली नाही. उलट, शरणागती पत्करणाऱ्या वासालो इ सिल्वा यांनाच तिने सैन्यातून बडतर्फ केले. पोर्तुगालमधील राजवट २५ एप्रिल १९७४ रोजी तेथीलच लष्करी अधिकाऱ्यांनी उलथवली. आफ्रिकेतील दीर्घ वसाहतयुद्धांचा थकवा त्यामागे होता. परंतु निर्णय व कृती पोर्तुगीजांची होती. त्याच वर्षाअखेरीस पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.

निष्कर्ष

बाह्य बळ हुकूमशाहीचा अडसर दूर करू शकते. लोकशाही निर्माण करू शकत नाही. गोव्यात ती रुजली, कारण स्थानिक मागणी जुनी होती, सांधून घेणारी घटनात्मक चौकट सिद्ध होती आणि विजेत्याने स्वतःचा पराभव स्वीकारला. या तीन अटींवाचून गोव्याचा दाखला अन्यत्रच्या लष्करी हस्तक्षेपाच्या समर्थनार्थ देणे इतिहासास धरून होणार नाही.