‘एलईडी’ मॉनिटर : नाव दिव्याचे, काम पडद्याचे

१/ मॉनिटर घेण्यासाठी दुकानात गेलेल्या ग्राहकाला खोक्यावर प्रथम दिसतो तो ‘एलईडी’ हा शब्द. घराघरांत तर टीव्हीलाच आता ‘एलईडी’ म्हणतात. परंतु ज्या पडद्यावर चित्र उमटते, तो बहुतेक वेळा एलईडीचा नसतोच. तो असतो एलसीडी. एलईडी हा केवळ त्याच्या पाठीमागचा दिवा. दिव्याचे नाव पडद्याला कसे मिळाले, याचा हा इतिहास.

२/ आरंभ पडद्यापासून. १८८८ साली प्रागमधील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश रायनित्झर यांना एक पदार्थ जणू दोनदा वितळताना दिसला. १४५.५ अंश सेल्सिअसला त्याचा गढूळ द्रव झाला आणि १७८.५ अंशांना तो द्रव स्वच्छ झाला. मधल्या अवस्थेत तो द्रवासारखा वाहत होता आणि त्याच वेळी स्फटिकाचे गुणही दाखवत होता. हाच द्रवस्फटिक.

३/ द्रवस्फटिकाच्या पडद्याचे कार्य खिडकीच्या झडपेसारखे असते. विजेचा दाब बदलला की त्यातील रेणू आपली दिशा बदलतात आणि प्रकाश अडवतात किंवा जाऊ देतात. पण झडप स्वतः उजेड देत नाही. म्हणून संगणकाच्या अशा पडद्यामागे दिवा लागतोच. पुढची सारी कथा या एका उणिवेभोवती फिरते.

४/ १९६० च्या दशकात अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे आरसीए या कंपनीची मोठी प्रयोगशाळा होती. तेथे जॉर्ज हाइलमायर यांच्या गटाने द्रवस्फटिकांचा पडदा घडवला आणि १९६८ च्या मे महिन्यात तो जगापुढे आला. भिंतीवर टांगता येईल असा चपटा टीव्ही हे या कंपनीचे स्वप्न होते.

५/ विशेष म्हणजे त्याच वर्षी, त्याच प्रयोगशाळेत, त्याच स्वप्नासाठी दुसरी वाटही शोधली जात होती. जेम्स टिएत्जेन यांना वाटे की पडद्याचा प्रत्येक बिंदू एलईडीचाच असावा. लाल एलईडी निक होलोनियाक यांनी १९६२ मध्येच बनवला होता. अडले होते ते निळ्यापाशी. टिएत्जेन यांनी ते काम हर्बर्ट मारुस्का या तरुण संशोधकाकडे सोपवले.

६/ मारुस्का यांनी गॅलियम नायट्राइड हा पदार्थ निवडला. १९७२ मध्ये त्यांच्या प्रयोगात निळसर जांभळा प्रकाश उमटला. परंतु तो फार मंद होता. आरसीएचा संगणक व्यवसाय तोट्यामुळे १९७१ मध्येच बंद पडला होता आणि कंपनीचे हात आखडले होते. निळ्या दिव्याचे काम थांबवण्यात आले. द्रवस्फटिकांच्या पडद्याचाही लाभ या कंपनीला झाला नाही. एकाच छताखालच्या दोन्ही वाटा अर्ध्यावर सुटल्या.

७/ दोन्ही पूर्णत्वास गेल्या त्या जपानमध्ये. पडद्याचे तंत्र शार्प कंपनीने आरसीएकडून परवान्याने घेतले आणि १९७३ मध्ये ईएल-८०५ हा खिशात मावणारा कॅल्क्युलेटर बाजारात आणला. पुढे हेच पडदे लॅपटॉप आणि मॉनिटरपर्यंत पोहोचले. त्यांच्यामागे बारीक फ्लुरोसंट नळ्या असत. त्यांत पारा असे, त्यांना चढ्या दाबाची वीज लागे आणि काही वर्षांनी त्या मंदावत. जुने लॅपटॉप पिवळट दिसू लागत, त्याचे एक मोठे कारण ह्या नळ्या.

८/ निळ्या दिव्याची वाट अधिक खडतर ठरली. गॅलियम नायट्राइडचा निर्दोष स्फटिक वाढत नव्हता आणि एलईडीला लागणारा त्याचा धन प्रकारचा थरही साधत नव्हता. बहुतेकांनी या पदार्थाचा नाद सोडला. नागोया विद्यापीठातील इसामु आकासाकी आणि त्यांचे विद्यार्थी हिरोशी अमानो यांनी सोडला नाही. १९८६ मध्ये त्यांना उत्तम स्फटिक मिळाला आणि १९८९ मध्ये धन थरही साधला.

९/ त्याच सुमारास अनान या लहान शहरातील निचिया कंपनीत शुजी नाकामुरा स्वतंत्रपणे याच पदार्थावर काम करू लागले. १९९३ च्या अखेरीस कंपनीने तेजस्वी निळा एलईडी जाहीर केला. या शोधासाठी कंपनीने नाकामुरांना २०,००० येन दिले. प्रकरण न्यायालयात गेले आणि २००५ मध्ये सुमारे ८४ कोटी येनवर तडजोड झाली. २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना मिळाले. त्या यादीत मारुस्का नव्हते.

१०/ निचियाचा मूळ धंदा फॉस्फरचा, म्हणजे एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश देणाऱ्या भुकटीचा. निळ्या एलईडीवर पिवळा फॉस्फर लावताच डोळ्याला पांढरा प्रकाश दिसतो. १९९६ मध्ये असा पांढरा एलईडी आला. आजच्या बहुतेक साध्या मॉनिटरमागे हाच दिवा असतो.

११/ येथे दोन्ही वाटा पुन्हा एकत्र आल्या. २००४ मध्ये सोनीने लाल, हिरव्या आणि निळ्या एलईडींचा पार्श्वप्रकाश असलेला टीव्ही आणला. २००७ मध्ये ॲपलच्या १५ इंची मॅकबुक प्रोमध्ये पाऱ्याच्या नळीची जागा एलईडीने घेतली. लवकरच मॉनिटरमधूनही नळ्या हद्दपार झाल्या. पडदे पातळ झाले आणि विजेची बचत झाली.

१२/ मग जाहिरातदारांनी ‘एलईडी बॅकलिट एलसीडी’ हे लांबलचक नाव ‘एलईडी’ इतके आखूड केले. २००९ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने यास आक्षेप घेतला : पडदाच एलईडीचा आहे, असा समज ग्राहकाचा होऊ नये. परंतु तोवर हा शब्द लोकांच्या तोंडी रुळला होता.

१३/ खरेदी करणाऱ्यास हा इतिहास उपयोगी पडतो. आज जवळजवळ प्रत्येक एलसीडी मॉनिटरमागे एलईडीच असतो. त्यामुळे त्या शब्दाने निवड होत नाही. विचारावे ते पडद्याविषयी : टीएन, व्हीए की आयपीएस? टीएन बाजूने पाहिल्यास रंग बदलतो. आयपीएस कोनातूनही रंग राखतो. व्हीएचा काळा रंग अधिक गडद असतो.

१४/ नंतर दिव्याविषयी. एलईडी केवळ कडेला आहेत की पडद्यामागे सर्वत्र? भागाभागाने मंद होतात का? हे ‘लोकल डिमिंग’ नसेल, तर काळ्या दृश्यातही मागचा दिवा सर्वत्र जळत राहतो आणि थोडा उजेड झडपेतून झिरपतोच. उजेड कमी करण्यासाठी काही मॉनिटर दिवा वेगाने चालूबंद करतात. त्याने काहींचे डोळे शिणतात. ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’चे लाखांतले आकडे बहुधा संपूर्ण दिवाच मंद करून मिळवलेले असतात. पाहावा तो ‘स्टॅटिक’ आकडा.

१५/ टिएत्जेन यांचे मूळ स्वप्नही अखेर साकार झाले. क्रीडांगणांवरील विशाल फलक आणि मायक्रो-एलईडीचे महागडे टीव्ही यांत प्रत्येक बिंदू खरोखरच स्वतः उजळतो. खऱ्या अर्थाने एलईडी पडदे तेच. दुकानातल्या खोक्यावरचा ‘एलईडी’ मात्र आजही बहुतेक वेळा मागच्या दिव्याचेच नाव सांगत असतो.

(धागा समाप्त)