परीकथेंतील रथ आणि विवाहाचा परवाना



मंगल कार्यालय ठरवावयास गेलें असतां तेथील व्यवस्थापक पहिला प्रश्न तिथीचा करतो, दुसरा पानांचा आणि तिसरा विसाराचा. लग्न एका मुलाचें आणि एका मुलीचें आहे ना, असें तो विचारीत नाहीं. तें त्यानें धरलेलेंच असतें. अमेरिकेंतील एका विख्यात करमणूक-नगरीनेंही तें पुष्कळ वर्षें असेंच धरलें होतें. फरक इतकाच कीं, तेथें तें नियमांत गुंफलेलें होतें, आणि इ. स. २००७ च्या एप्रिल महिन्यांत तो नियम काढून टाकावा लागला. आजच्या भाषणाचा विषय तो नियम होय.

वॉल्ट डिस्ने यांनीं कॅलिफोर्नियांतील अ‍ॅनाहाइम येथें ता. १७ जुलै १९५५ रोजीं डिस्नेलँड ही नगरी उघडली. फ्लॉरिडांतील तिची धाकटी बहीण १ ऑक्टोबर १९७१ रोजीं उघडली. परंतु तिच्या संस्थापकाचें पांच वर्षांपूर्वींच निधन झालें होतें. या नगऱ्यांचा विशेष असा कीं, तेथें येणारा मनुष्य पैसे देऊन नुसता प्रेक्षक होत नाहीं, तो स्वतःही देखाव्याचा एक भाग बनतो. राजवाडा, रस्ते, झाडें, इतकेंच नव्हे तर भोंवतालची गर्दीही नीटनेटकी दिसली पाहिजे, असा तेथील कटाक्ष असतो. पुढील हकीकतीचें मूळ या कटाक्षांत आहे, असें मला वाटतें.

१९८० च्या सप्टेंबरांत एका रात्रीं डिस्नेलँडच्या नृत्यांगणांत दोन तरुण पुरुष एकमेकांबरोबर नाचूं लागले. रखवालदारांनीं त्यांना थांबविलें आणि नगरीबाहेर काढलें. पुरुषानें स्त्रीबरोबरच नाचावें, असा तेथें नियम होता. तरुणांनीं फिर्याद केली, आणि १९८४ सालीं ज्यूरीनें त्यांच्या नागरिक हक्कांचा भंग झाल्याचा निर्णय दिला. मात्र त्या निर्णयाचा लाभ केवळ त्या दोघांपुरता होता! म्हणजे कायद्याच्या काटेकोर अर्थानें, साऱ्या जगांतील पुरुषांपैकीं या दोघांसच तेथें एकत्र नाचण्याचा हक्क न्यायालयानें दिला. नियम पुढें सैल झाला. तथापि १९८८ सालीं पुन्हा तशाच एका प्रसंगावरून तीन विद्यार्थ्यांनीं दावा लावला, आणि कंपनीनें आश्वासन दिल्यावर तो मागें घेतला. नाचण्यानें कोणास इजा झाली, असें कोणीं म्हटलें नव्हतें. प्रश्न इतर पाहुण्यांच्या डोळ्यांचा होता.

यानंतरचीं वर्षें मोठीं चमत्कारिक आहेत. १९९१ च्या जूनमध्यें फ्लॉरिडाच्या नगरींत समलिंगी स्त्रीपुरुष तांबडे सदरे घालून एका ठरलेल्या दिवशीं जमले; लपण्याऐवजीं ओळखूं यावें, हाच त्यांचा हेतु होता. ही योजना कंपनीची नव्हती, पण तिनें दारेंही लावलीं नाहींत. १९९६ पासून तिनें आपल्या समलिंगी नोकरांच्या जोडीदारांस आरोग्यविम्याच्या सवलती लागू केल्या. १९९७ सालीं सदर्न बॅप्टिस्ट या मोठ्या ख्रिस्ती संप्रदायानें कंपनीवर बहिष्कार पुकारला, तो २००५ पर्यंत चालला.

त्याच १९९१ सालीं फ्लॉरिडांत ‘परीकथेंतील विवाह’ या नांवाचा व्यवसाय सुरू झाला. १९९५ सालीं तेथील तळ्याकांठीं खास विवाहमंडप बांधण्यांत आला. त्याची खिडकी अशा बेतानें ठेवली आहे कीं, वधूवरांच्या पाठीमागें सिंड्रेलाचा राजवाडा चौकटींत बसविल्यासारखा दिसावा. ज्यास हवा त्यास कांचेचा रथ, तुताऱ्या फुंकणारे सेवक, आणि मेजवानीस मिकी व मिनी हे उंदीर-दांपत्य! २००७ च्या सुमारास डिस्नेलँडमध्यें एकरकमी व्यवस्थेस आठ हजार डॉलरांहून अधिक खर्च येई.

समलिंगी जोडप्यांनीं येऊं नये, असें या योजनेच्या नियमांत कोठेंही म्हटलेलें नव्हतें. कॅलिफोर्नियाचा अथवा फ्लॉरिडाचा विवाह-परवाना दाखवावा, एवढीच अट होती. आणि त्या दोन्ही प्रांतांचे कायदे अशा जोडप्यांस तो परवाना देत नसत. ‘नाहीं’ हा शब्द कंपनीस उच्चारावाच लागत नसे. तिच्या वतीनें तो सरकारी कचेरी उच्चारी. नकार देणारा दिसतच नसेल, तर भांडावयाचें कोणाशीं? शिवाय अशा जोडप्यांस तेथील हॉटेलांत सभेची खोली भाड्यानें घेऊन आपला समारंभ करण्याची मुभा होतीच. त्यांचा पैसा चालत होता. चालत नव्हता तो तळ्याकांठचा मंडप आणि उघड्यावरचा रथ.

एका जोडप्यानें विचारणा केल्यावर एप्रिल २००७ मध्यें कंपनीनें ही अट सोडली, आणि दोन्ही नगऱ्यांतील व आपल्या जहाजांवरील विवाहयोजना समलिंगी जोडप्यांस खुली केली. त्या वेळीं साऱ्या अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स या एकाच प्रांतांत असे विवाह कायदेशीर होते. रथांतून मिरवलेलीं हीं जोडपीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं कायद्याच्या दृष्टीनें अविवाहितच असत. वारसा, कर, इस्पितळांत आप्त म्हणून जाण्याचा अधिकार, यांपैकीं कांहींही त्या समारंभानें मिळत नव्हतें. म्हणून तो पोकळ होता, असें कोणी म्हणेल. मला तसें वाटत नाहीं. आईबाप, भावंडें आणि मित्र यांच्या देखत उभें राहणें याचसाठीं तर माणसें लग्नावर खर्च करितात. कंपनीनें हें केलें तें व्यापार म्हणून, यांत संशय नाहीं. परंतु सत्तावीस वर्षांपूर्वीं ज्या पाहुण्यांच्या नजरेला ती भीत होती, त्यांच्याच देखत रथ हांकण्यास ती आतां तयार झाली.

कायद्याची चाल मात्र वेडीवांकडी होती. कॅलिफोर्नियांत जून २००८ मध्यें असे विवाह सुरू झाले आणि नोव्हेंबरांत लोकमतानें बंद पडले; त्या अवधींत सुमारें अठरा हजार जोडपीं विवाहबद्ध झालीं होतीं. २०१३ च्या जूनमध्यें तेथील दार पुन्हा उघडलें. फ्लॉरिडांत जानेवारी २०१५ मध्यें परवाने मिळूं लागले, आणि ता. २६ जून २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो हक्क सर्व अमेरिकेस लागू केला.

आतां जपानकडे वळूं. टोकियोजवळची डिस्ने-नगरी एक जपानी कंपनी परवान्यानें चालविते. २०१२ सालीं कोयुकी हिगाशी या बाईंनीं आपल्या सखीशीं तेथें विवाह करतां येईल काय, अशी चौकशी केली. पहिलें उत्तर असें आलें कीं, हरकत नाहीं. मात्र एकीनें पुरुषाचा वेष करावा व दुसरीनें स्त्रीचा. कारण तेंच, इतर पाहुण्यांना कसें दिसेल! गंमत अशी कीं, या बाई पूर्वीं ताकाराझुका नाट्यसंस्थेंत होत्या, जेथें पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करितात. बालगंधर्वांचा शालू डोळे भरून पाहिलेल्या आपल्या वडील पिढीस यांतील विनोद सहज कळला असता. रंगभूमीवर वेष पालटला तर टाळ्या. लग्नांत न पालटला तर अडचण.

थोड्याच दिवसांत कंपनीनें ही अटही मागें घेतली. १ मार्च २०१३ रोजीं दोघी शुभ्र वधूवेषांत उभ्या राहिल्या, आणि मिकी व मिनी समारंभास हजर होते. त्या वेळीं जपानच्या कायद्यांत या विवाहास स्थान नव्हतें. नोव्हेंबर २०१५ मध्यें टोकियोंतील शिबुया विभागानें समलिंगी जोडप्यांस सहजीवनाचे दाखले देण्यास प्रारंभ केला, आणि त्यांतील पहिला दाखला घेण्यास याच दोघी कचेरींत गेल्या.