गोठ्यातली चित्रशाळा

आज एका चित्रकाराची गोष्ट सांगते. नाव जोसेफ डेनोव्हन अ‍ॅडम, गाव दूर स्कॉटलंडमधलं.

स्कॉटलंड म्हणजे ब्रिटनचा उत्तरेकडचा डोंगराळ, थंड, पावसाळी मुलूख. तिथल्या डोंगरी गाई आपल्या खिलार-डांगीपेक्षा वेगळ्या. पाठीवर वशिंड नाही, अंगभर लांब केस, डोळ्यांवर झिपऱ्या, शिंगं पसरलेली. केसांचे थरही दोन. वरच्या राठ केसांवरून पाणी ओघळून जातं, आतले मऊ केस ऊब धरतात. म्हणून कडाक्याच्या थंडीतही त्या उघड्यावर राहतात.

एकोणिसाव्या शतकात शहरातल्या श्रीमंतांना अशा गाईंची, डोंगरांची चित्रं दिवाणखान्यात लावायची भारी हौस. अ‍ॅडमचे वडीलही निसर्गचित्रं काढत. अ‍ॅडमनं मात्र गाई जवळून ओळखायचं ठरवलं. १८८७ साली तो स्टर्लिंग शहराजवळ क्रेगमिल इथं राहायला गेला. तिथं त्यानं या गाईंचा कळप पाळला आणि जनावरांची चित्रं शिकवणारी शाळा काढली.

आता गाय काही चित्रासाठी गप्प उभी राहते का? शेपूट मारते, मान वळवते, मध्येच बसते. उठताना आधी मागचे पाय उचलते. हे सगळं रोज बघावं, तेव्हा कुठे हाताला वळण लागतं.

या शाळेत शिकणाऱ्यांत स्त्रियाही होत्या. तो काळ बघा. लंडनच्या रॉयल अकादमीच्या शाळेत मुलींना १८६० पासून प्रवेश मिळू लागला, पण जिवंत माणूस समोर ठेवून शरीर रेखाटायच्या वर्गाचं दार त्यांना १८९३ पर्यंत बंद होतं. क्रेगमिलच्या कुरणात गाय समोर उभी होती आणि बाईनं तिच्याकडे बघून शिकायला कुणाची आडकाठी नव्हती.

अ‍ॅडम १८९६ साली गेला. त्याची चित्रं आजही संग्रहालयांत आहेत.

मैत्रिणींनो, रोज बघून येतं तेही शिक्षणच. गटाचं कर्ज बाईच्या नावावर निघतं, पण बाजारात गाय निवडायला बहुतेक वेळा घरातला पुरुषच जातो. कास कशी आहे, चालताना पाय ओढते का, धारेला हात लावू देते का, हे रोज धार काढणारीला एका नजरेत कळतं. पुढच्या खरेदीला आधी तिला गाडीत बसवा.