खावटीचें खातें

एखाद्या संस्थेंत संगणकावर जमाखर्च सुरू करावयाचा झाला म्हणजे खात्यांना संकेतांक देण्याचे नियम आधीं ठरवावे लागतात. कोणती रक्कम कोणत्या अंकाखालीं जावी हें एकदां ठरलें कीं पुढें यंत्र मुकाट्यानें तसेंच लिहीत जातें. ज्या व्यवहाराला अंक नेमलेला नाहीं, त्याला वहींत जागा मिळत नाहीं. हें काम निव्वळ कारकुनी समजलें जातें. आमचें मत निराळें आहे, आणि त्याला कारण डहाणू-तलासरीचा इतिहास.

स्वातंत्र्यापूर्वीं ह्या मुलखांतील जमीन बहुतांशीं सावकार-जमीनदारांच्या हातीं गेली होती. पावसाळ्यांत घरांतलें भात संपलें कीं वारली कूळ सावकाराकडून खावटी आणी. सावकाराची कीर्द-खतावणी अव्यवस्थित होती असें कोणीं समजूं नये. तिला पक्के नियम होते. दिलेलें धान्य कुळाच्या नांवें पडे, आणि सुगीला तें दिढी-दुपटीनें फेडावें लागे. पण त्याच कुळानें सावकाराच्या शेतांत, अंगणांत वेठीनें घालविलेले दिवस कोठें जमा होत? कोठेंच नाहीं. वेठीला खातेंच नव्हतें. लग्नासाठीं कर्ज काढून ‘लग्नगडी’ झालेला तरुण बायकोसह वर्षानुवर्षें राबे, तरी मुद्दल जागचें हालत नसे. खोट्या बेरजांबद्दल पुष्कळ बोललें जातें, आणि तें खरेंही आहे. परंतु आम्हांस वाटतें, बेरीज अचूक असती तरी निकाल हाच लागता. जमेची बाजूच कोरी होती.

२३ मे १९४५ रोजीं झरी येथें शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकारानें किसान सभेची परिषद भरली, आणि वारल्यांनीं वेठ न करण्याची शपथ घेतली. त्याच वर्षीं गवताच्या हंगामांत त्यांनीं पांचशें पौंड गवत कापण्यास अडीच रुपये असा दर मागितला. ह्या मागणीकडे केवळ मजुरीवाढ म्हणून पाहणें आम्हांस अपुरें वाटतें. श्रमाला प्रथमच वजन लाभलें, दर लाभला; म्हणजेच तो वहींत लिहितां येऊं लागला. १० ऑक्टोबर रोजीं तलवाड्यास जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनीं गोळीबार केला. जेठ्या गांगड व आणखी चौघे मारले गेले.

वेठबिगारीचें ऋणच रद्द ठरविणारा कायदा १९७६ सालीं झाला. खावटी मात्र राहिली. १९७८ पासून सरकारच ती आदिवासींना कर्जाऊ देऊं लागलें. देणारा बदलला, रक्कम पुन्हां नांवेंच पडली. २०२० सालीं त्या कर्जाचें अनुदान करण्यांत आलें: कुटुंबास चार हजार रुपये, निम्मे बँकेंत रोख, निम्म्यांचा शिधा. शब्द तोच, खावटी. पण सुगीला फेडावयाचें असें त्यापुढें आतां कांहीं लिहिलेलें नव्हतें.