मुंबई–लंडन : जाताना दहा तास, येताना नऊ

पृथ्वीगोलावर दोन विमानतळांच्या ठिपक्यांवर दोरा ताणून धरला, की तो ज्या वाटेने बसतो तिची लांबी म्हणजे त्यांच्यातले हवाई अंतर. भूमितीत या वाटेला बृहद्वृत्ताचा कंस म्हणतात. मुंबई–लंडनसाठी ते सुमारे 7,200 किलोमीटर भरते. भिंतीवरच्या सपाट नकाशात ही वाट उमगत नाही. घरात पृथ्वीगोल असेल, तर मुंबई–न्यूयॉर्क दोरा ताणून पाहावाच. तो आइसलँडच्या पूर्वेला जवळजवळ 65 अंश उत्तरेपर्यंत चढतो.

हे अंतर बदलत नाही. वेळ मात्र बदलतो, आणि अंतराला वेगाने भागायची शाळेतली सवय इथे अपुरी पडते.

एक तर आकाशालाही हद्दी असतात. 2019 मध्ये पाकिस्तानचे आकाश भारतीय विमानांना काही महिने बंद होते. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना तेव्हा अरबी समुद्रावरून वळसा पडला. मुंबईची विमाने तशीही समुद्रावरून निघू शकतात, म्हणून त्यांना झळ कमी बसली.

खरा फरक पडतो तो वाऱ्याने. दहा-बारा किलोमीटर उंचीवर, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. विमानाचा वेग हवेच्या तुलनेत असतो. ती हवाच सरकत असेल, तर जमिनीवरचा हिशेब बदलतो. समजा, विमानाचा वेग ताशी 900 किलोमीटर आहे. वारा नसेल तर 7,200 किलोमीटरला आठ तास लागतील. ताशी 80 चा वारा समोरून आला, तर 8 तास 47 मिनिटे. पाठीमागून आला, तर 7 तास 21 मिनिटे. म्हणजे जाताना 47 मिनिटे गेली, येताना 39 च मिळाली. उलटा वारा विमानाला जास्त वेळ अडवतो, सुलटा वारा कमी वेळ साथ देतो. त्यामुळे तोच वारा दोन्ही वेळा असेल, तर जाऊन-येऊन हिशेब तोट्याचाच. मला या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

वेळापत्रकातले तास याहून जास्त दिसतात, कारण ते गेटवरून विमान हलल्यापासून दुसऱ्या गेटवर थांबेपर्यंत मोजलेले असतात. धावपट्टीकडची रांग, चढण, उतरण, आकाशातल्या घिरट्या, सगळे त्यात येते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत. दहा हजार फुटांखाली वेगही साधारण ताशी 460 किलोमीटरवर रोखलेला असतो, आणि उतरण मुक्कामाच्या दोनेकशे किलोमीटर आधीच सुरू होते.

हा भार छोट्या प्रवासाला जड जातो. मुंबईहून गोव्याचा दाबोळी विमानतळ जेमतेम 425 किलोमीटर, तरी वेळापत्रकात सव्वा तास. लंडन त्याच्या सतरापट दूर. वेळ लागतो आठपट.