चौकोनी कंसानंतर जागा का सोडायची?

शेल स्क्रिप्ट शिकताना सगळेच एकदा तरी इथे अडखळतात. इफ लिहून चौकोनी कंस उघडला, त्याला चिकटूनच व्हेरिएबल लिहिला, की उत्तर येतं: 'कमांड नॉट फाउंड'. आपण अट लिहितोय, मग हा कमांड कुठली शोधतोय?

त्याचं उत्तर इतिहासात आहे. बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन यांनी लिहिलेल्या युनिक्सच्या पहिल्या शेलच्या काळात इफ भाषेचा भाग नव्हताच, तो एक वेगळा प्रोग्रॅम होता. गोटूसुद्धा! तो स्क्रिप्टच्या फाईलमध्ये लेबल शोधायचा, वाचनाची खूण तिथे सरकवायचा आणि बिचारा शेल तिथून पुढे वाचत राहायचा. मला हा जुगाड भारी आवडतो.

१९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचा शेल आला आणि इफ भाषेत शिरला. बोर्न यांनी आधी केंब्रिजमध्ये अल्गॉल ६८ वर काम केलं होतं. इफ उलटं करून 'फाय' लिहिणं तिथलंच. पण अट तपासायचं काम या इफनेही अंगावर घेतलं नाही. तो एक कमांड चालवतो आणि ती संपताना कोणता आकडा देते ते बघतो. शून्य म्हणजे खरं, बाकी सगळं खोटं. तुलनेसाठी 'टेस्ट' ही कमांड आहे, आणि चौकोनी कंस हे तिचंच दुसरं नाव. कमांडच्या नावानंतर जागा हवीच ना!

याचा फटका मला बसलाय. माझी स्क्रिप्ट नमुन्यातल्या नोंदी मोजायची. शून्यापेक्षा जास्त असतील तर पुढे, नाहीतर नमुना 'रिकामा' म्हणून बाजूला. एका फोल्डरमध्ये फाईलचं नाव चुकलं, व्हेरिएबलमध्ये काहीच आलं नाही. टेस्टने तक्रार केली आणि २ हा आकडा दिला. इफच्या लेखी २ म्हणजेही खोटंच. चांगले नमुने रिकामे ठरले आणि स्क्रिप्ट निवांत शेवटपर्यंत गेली. तक्रार लॉगमध्ये होती, मीच वाचली नव्हती.

व्हेरिएबलला अवतरणचिन्हं लावूनही हे सुटत नाही, कारण रिकामी स्ट्रिंग हा पूर्णांक नाही. परत २च मिळतो. आता मी तुलनेच्या आधी व्हेरिएबल रिकामा आहे का ते तपासते, आणि असेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबवते.